बेचाळिसावी सही

मी त्या संस्थेत समुद्र वाचवायला गेले नव्हते. समुद्र माझ्याआधी होता, माझ्यानंतरही राहील. मी गेले डॉक्टर वैद्यलिंगमला वाळूत पालथं पाडायला. तेही आमच्या कारैमुनै गावच्या वाळूत, जाळी विणायच्या शेडसमोर, जिथं त्याच्यापायी माझी अम्मा पालथी पडली होती. प्रवेशाच्या मुलाखतीत मात्र मी सांगितलं, की मला लहानपणापासून प्रवाळांची आवड आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. वैद्यलिंगमही त्यांत होता आणि त्यानं मला ओळखलं नाही.

अम्माचं नाव राक्कम्माळ. आमच्या बायका पिढ्यानपिढ्या पासी काढतात. पासी म्हणजे समुद्राच्या तळाला खडकांवर वाढणारं शेवाळ. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, डोळ्यांना काच लावायची, दम धरून खाली जायचं आणि मुळं राखून हातानं खुडायचं. अम्मा त्यात सगळ्यांत पटाईत. मी चौदा वर्षांची असताना वैद्यलिंगम गावात आला. तेव्हा तो नुसता प्रवाळांचा अभ्यासक होता आणि त्याच्या डोक्यावर केस होते. अम्मा त्याला 'तंबी' म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. तो तिला 'अक्का' म्हणायचा. वर्षभर दर फेरीला आमच्या ओसरीवर बसून त्यानं माशाचं कालवण ओरपलं. अम्मानं त्याला नावेत घालून तिन्ही बेटांभोवती हिंडवलं, कुठल्या खडकावर काय उगवतं ते बोटानं दाखवलं. त्याचा त्यानं सुरेख रंगीत नकाशा केला आणि खाली आभार मानले, 'एका स्थानिक स्त्रीचे'. वर्षभर जिच्या हातचं खाल्लं, तिचं नाव लिहायला मेल्याची शाई संपली होती.

त्यानं सरकारला दिलेल्या नकाशासोबत एक अहवाल होता. बायका इतकं शेवाळ ओरबाडतात, की पाच वर्षांत प्रवाळ मरतील, असं त्यात होतं. वर्षाच्या आत बेटांचे किनारे बंद झाले. पहारेकरी नेमके त्याच खडकांवर उभे राहिले, जे अम्मानं दाखवले होते. बायकांच्या पिशव्या जप्त झाल्या, पुरुषांची खेकड्याची जाळी त्या बाजूला लावायची सोय गेली. मग गावानं विचारलं, दाखवलं कुणी?

आमच्या गावकीत चूक ठरली की माणसानं शेडसमोर वाळूत पालथं पडायचं, हात पुढे, कपाळ जमिनीला. प्रमुख 'उठ' म्हणेपर्यंत उठायचं नाही. एरवी कपाळ टेकतंय न टेकतंय तोच 'उठ' म्हणतात. माणसाची लाज काढायची, चामडी नाही. प्रमुख होता अम्माचा सख्खा थोरला भाऊ, करुप्पैयामामा. अम्मा पडली ती भर दुपारी. तेवढ्यात दोन भावांचं नावेच्या नांगरावरून भांडण गावकीपुढं आलं. गावकीच्या नऊ माणसांनी त्याचा निकाल लावला, मग चहा आला, तो प्याले. त्यानंतर कुणालातरी आठवलं, की राक्कम्माळ अजून पडलेलीच आहे. ती उठली तेव्हा तिच्या एका गालाची कातडी वाळूनं भाजून निघाली होती. मी शाळेचं दप्तर छातीशी धरून शेडच्या खांबाआड उभी होते. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती मी अशी डोळ्यांनी पाहिली.

त्यानंतर नऊ वर्षं तिला कुणी नावेत घेतलं नाही. ती बर्फाच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये कोळंबी सोलायला जाऊ लागली. गावात तिचं नाव पडलं 'दाखवणारी'. माझं नाव 'दाखवणारीची पोर'. शाळेत पहिली आले तरी तेच.

इकडे वैद्यलिंगमची मात्र भरभराट झाली. त्याला म्हणे पुढं पश्चात्ताप का काय तो झाला आणि त्यानं नवा अभ्यासक्रम काढला. नुसते मासे आणि प्रवाळ शिकून समुद्र वाचत नाही, त्याला कायदा कळला पाहिजे, बाजार कळला पाहिजे, माणसं कळली पाहिजेत, असं तो पहिल्याच दिवशी फळ्यापुढं उभं राहून म्हणाला. माणसं! मी वही इतकी घट्ट धरली, की पुठ्ठा वाकला.

शिकायची पद्धत अशी, की तिघातिघांची तुकडी करायची, तिघं वेगवेगळ्या विद्येचे. आमच्यात मी प्राणिशास्त्राची, कीळक्करैची फर्हाना कायद्याची, नागरकोविलचा जोएल अर्थशास्त्राचा. दोन वर्षांत तिघांनी मिळून एक अहवाल लिहायचा. आणि वैद्यलिंगमनं स्वतः घातलेले दोन नियम होते. अहवाल आधी त्या गावात, गावकऱ्यांसमोर वाचायचा. आणि ज्याची हकीगत त्यात असेल, त्या प्रत्येकाची संमतीच्या कागदावर सही हवी. एक सही कमी असली तरी अहवाल संस्थेच्या फाटकाबाहेर जाणार नाही.

पहिल्याच सत्रात मला त्याच्या जुन्या नोंदवह्या सापडल्या. विद्यार्थ्यांनी बघून शिकावं म्हणून ग्रंथालयात ठेवल्या होत्या बिचाऱ्यानं. मी तारखा पाहिल्या, मग शेजारी पंचांग उघडून बसले. तो महिन्यातून चार दिवस यायचा, आणि नेमका अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. तेव्हा ओहोटी मोठी असते, प्रवाळ उघडे पडतात, मोजायला सोपं जातं. पण आमच्या बायकाही त्याच दिवसांत उतरतात. अमावास्येला सहा दिवस, पौर्णिमेला सहा दिवस. मधल्या दिवसांत पाण्याला हात लावायचा नाही, पासीला वाढू द्यायचं. हा बायकांनी आपापसांत घालून घेतलेला नेम आहे आणि तो मोडला तर झिंज्या धरतात. वैद्यलिंगमला चारही दिवस बायका पाण्यात दिसल्या. त्यानं रोजची सरासरी काढली आणि सरळ तीसनं गुणलं.

वर्षभर दर फेरीला ओसरीवर बसला होता. एकदा तरी विचारायचं होतं, 'अक्का, उद्या जाणार का?'

मी वही मिटली आणि ग्रंथालयातच हसले. ग्रंथपाल बाईंनी बोट ओठांवर ठेवलं.

पुढचे अकरा महिने आम्ही तिघांनी रोज मोजलं, अमावास्येला आणि षष्ठीलाही. आता बायका शेजारच्या वाडीच्या किनाऱ्यावर उतरत होत्या, पण नेम तोच होता. जोएलनं दलालांच्या पावत्यांशी वजनं ताडून पाहिली, फर्हानानं बंदीच्या हुकमाची कलमं सोडवली. सगळं तंतोतंत जुळलं. बायकांमुळे प्रवाळ मरत नव्हते. बारा दिवस उघडे ठेवायला काहीच हरकत नव्हती. हा अहवाल वेळेत गेला, तर गावातल्या वाचनानंतरच्या सोमवारी सरकारी समितीच्या बैठकीत बंदी उठणार होती.

पण मला तेवढ्यानं भागणार नव्हतं. अहवालाच्या पहिल्या प्रकरणात मी अम्माची हकीगत लिहिली. नकाशा, गावकी, वाळू, गाल, कोळंबीची शेड, सगळं. फर्हानानं ते वसतिगृहाच्या गच्चीवर कपडे वाळत घालता घालता वाचलं.

"मुनीश्वरी, हे अहवालाचं प्रकरण आहे की फौजदारी?"

"दोन्ही."

"सर तिथं बसलेले असताना वाचणार?"

"त्यासाठीच तर लिहिलंय."

"तू त्यांच्याच अभ्यासक्रमात शिकतेस, त्यांचंच जेवण जेवतेस—"

"खाणावळीचे पैसे मी भरते," मी म्हटलं. "आणि त्यानं आमच्याकडचे कधी भरले नव्हते."

फर्हानानं तोंडात धरलेला चिमटा काढून दोरीला लावला. मग एवढंच म्हणाली, "सह्या पुऱ्या कर. तुझ्या गावच्या तूच घे, मी बाकीच्या वाड्यांच्या घेते."

मी गावच्या एक्केचाळीस बायकांच्या सह्या घेतल्या. प्रत्येकीच्या दारात बसून कागद वाचून दाखवला, शंका फेडल्या. काळियम्माळनं तर तीन वेळा वाचून घेतला आणि मगच अंगठा दिला.

वाचनाचा दिवस शनिवार. दुपारी जीप शेडपाशी थांबली. वैद्यलिंगम उतरला, त्यानं वाळूकडे पाहिलं आणि मामाला विचारलं, "राक्कम्माळ अक्का कशा आहेत?"

"आहेत," मामा म्हणाला, जसं काही तिला तोच सांभाळत होता.

शेडच्या सावलीत गावकीची माणसं बसली. त्या दिवशीच्या नऊ जणांपैकी दोघं वारले होते, सात उरले होते. बायका पलीकडे पिंपळाखाली होत्या, आणि सगळ्यांच्या मागं, कोळंबीच्या वासासकट कामावरून तशीच आलेली अम्मा. मी चादरीच्या पडद्यावर आकडे दाखवायला सुरुवात केली. आधी आमची मोजणी दाखवली. मग त्याच्या नोंदवहीचं पान. मग पंचांगाचं पान. मग तो गुणाकार.

"हा गुणाकार कुणाचा?" मी विचारलं. आवाज मी खूप दिवस तयार करून ठेवला होता.

वैद्यलिंगम उभा राहिला. "माझा."

"तुमच्या या गुणाकारामुळे एका बाईला याच वाळूत पालथं पडावं लागलं. राक्कम्माळ तिचं नाव. स्थानिक स्त्री नाही, राक्कम्माळ. मी तिची मुलगी." आणि मी पहिलं प्रकरण वाचलं, अक्षरन् अक्षर. गालापाशी आले तेव्हा सुद्धा थांबले नाही.

वैद्यलिंगमचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी तो डोळे भरून पाहिला. नऊ वर्षांत इतकं गोड काही खाल्लं नव्हतं.

मामानं घसा खाकरला. "सर, आमची रीत तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," वैद्यलिंगम म्हणाला. त्यानं चष्मा काढून जोएलच्या हातात दिला, उन्हात गेला आणि पालथा पडला. हात पुढे, कपाळ वाळूला.

मी मनात मोजायला लागले. पाचपर्यंत पोचले असेन नसेन, तोच मामा म्हणाला, "उठा, उठा सर! चुका काय, माणसाच्या हातूनच होतात. अरे, खुर्ची आणा. सोडा आणा सरांना."

खुर्ची आली. सोडा फस्सकन फुटला. एकानं त्याच्या सदऱ्यावरची वाळूसुद्धा झटकली. माझ्या तोंडचा घास कुणी काढून घ्यावा तसं झालं. नऊ वर्षं ज्याच्यासाठी जागले, ते पाचच्या आत संपलं होतं, आणि मोठ्या मनानं माफ कोण करत होतं, तर तिला उन्हात विसरून चहा प्यालेली माणसं.

"झालं तर मग," मामा हात चोळत म्हणाला. "मुनी, तो कागद सोमवारी पोचला पाहिजे बरं का समितीत. गावाचं काम आहे. सगळ्या सह्या झाल्या ना?"

"माझी राहिलीय," मागून आवाज आला.

अम्मा बायकांच्या मधून पुढं आली. फर्हाना घाईघाईनं फाइल चाळायला लागली. मला चाळायची गरज नव्हती. एक्केचाळीस घरी जाऊन कागद वाचला होता आणि जिच्या घरात झोपत होते, तिला विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

फर्हानानं मान वर केली आणि हळूच म्हणाली, "खरंच नाहीये."

"मग दे म्हणावं आता," मामा म्हणाला. "राक्कू, कर गं सही. तुझंच भलं आहे यात."

"करते की. अण्णा, आधी एक सांग. या तंबीनं वाईट कुणाचं केलं होतं? तुझं का माझं?"

"तुझं... म्हणजे गावाचंच म्हण."

"माझं. मग 'उठ' म्हणणारा तू कोण?" ती खुर्चीकडे वळली. "तंबी, सोडा खाली ठेव. मी तुला अजून उठ म्हटलेलं नाही."

वैद्यलिंगमनं बाटली खाली ठेवली. मुकाट्यानं उन्हात जाऊन पुन्हा पडला.

"आता तुम्ही सातजण," अम्मा म्हणाली. "दाखवणारी, दाखवणारी करून नऊ वर्षं मला पाण्याबाहेर ठेवलंत. मी चूक केली नव्हती, हे आत्ता तुमच्यासमोर चादरीवर दिसलं. तुम्ही मला विनाकारण पाडलंत. गावकीची रीत मला शिकवू नका, चला."

"वेड लागलंय का तुला?" मामा उसळला. "थोरला भाऊ आहे मी!"

"तेव्हाही होतास."

"आणि नाही पडलो तर?"

"तर सही नाही. हिची पदवी पण त्यातच बुडेल. बुडू दे."

मामानं माझ्याकडे पाहिलं, मी समजूत घालीन म्हणून. पिंपळाखालून मामी, वेळ्ळैत्तायी, ओरडली, "बघता काय नुसते? पडा की! गुडघे दुखतात म्हणू नका, सकाळी माडावर चढला होतात!" बायकांत हशा उसळला. मग काळियम्माळ उठून अम्माशेजारी येऊन उभी राहिली, मग आणखी दोघी, मग सगळ्याच. सातजणांनी एकमेकांकडे पाहिलं. आधी मामा पडला. बाकीचे एकेक करत पडले, शेवटचा चांगला भरलेला होता, त्याला वेळ लागला.

अम्मा वैद्यलिंगमच्या रिकाम्या खुर्चीत बसली.

"वाच," ती मला म्हणाली.

"काय?"

"तो संमतीचा कागद. काळियम्माळला वाचून दाखवलास तसा. मला 'अहो' म्हणून वाच, सगळ्यांना म्हणालीस तसं. आणि सावकाश, मला शिकलेलं चटकन कळत नाही."

कागद दोन पानी होता. वर ऊन होतं, खाली आठ पाठी. मी उभी राहून वाचायला लागले. "या अभ्यासात आपण स्वेच्छेने सहभागी होत आहात..."

"स्वेच्छेने म्हणजे?"

"म्हणजे... तुमच्या मर्जीनं."

"असं होय. पुढे."

"आपली ओळख गुप्त ठेवण्यासाठी आपले नाव बदलले जाईल..."

"खोड ते. माझं नाव नऊ वर्षं बदललेलंच होतं. राक्कम्माळ लिही, बापाच्या नावासकट."

मी खोडलं, लिहिलं. वाळूतून मामा कण्हला, "राक्कू, लवकर गं."

"चहा मागवू का, अण्णा?" अम्मानं विचारलं.

मी वाचत राहिले. एका ओळीला आवाज चिरकला तर तिनं ती ओळ परत वाचायला लावली. दुसऱ्या पानाच्या तळाशी आले. "आपण दिलेली संमती आपणास कधीही, कोणतेही कारण न देता, मागे घेता येईल."

"परत वाच. मोठ्यानं. ज्यांची तोंडं वाळूत आहेत त्यांनाही ऐकू जाऊ दे."

मी परत वाचलं.

"कधीही," अम्मा म्हणाली. "कारण न देता. ऐकलंत ना?" मग तिनं पेन घेतलं आणि बचत गटात शिकली होती तशी, एकेक अक्षर कोरत सही केली. शाई वाळेपर्यंत फुंकर मारली. "उठा."

सोमवारी अहवाल गेला. पुढच्या अमावास्येपासून बारा दिवस उघडे झाले. नावेत आता अम्मासाठी पुढची जागा सोडतात. मामा कधी फार आवाज चढवू लागला, की ती मला सगळ्यांसमोर विचारते, "मुनी, ती शेवटची ओळ काय होती गं?" आणि मामाला अचानक जाळ्याचं काम आठवतं.

पण त्या शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघी घरी आलो, तेव्हा मी खुशीत होते. ती भात वाढत होती. मी म्हटलं, "अम्मा, काय पाडलंस सगळ्यांना! मला जमलं नसतं."

तिनं पळी खाली ठेवली. "काळियम्माळच्या दारात तीनदा बसलीस. माझ्याकडे का नाही आलीस?"

"तू काय परकी आहेस? माझी अम्मा आहेस म्हणून..."

"माझा गाल सगळ्या गावासमोर वाचलास. मी मागं बसून ऐकत होते."

मी खाली ठेवलेली पळी उचलून तिच्या हातात दिली.

"त्यानं मला न विचारता नकाशा सरकारला का दिला, ठाऊक आहे?" ती म्हणाली. "मी त्याची अक्का होते म्हणून."